जुनी मोठी छत्री फेकण्याआधी हे वाचा: कापड, काड्या आणि खांब कमी खर्चात कसे दुरुस्त करायचे?

एरवी आपण मोबाइल, चार्जर, बॅटरी यांच्याबद्दल बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे: मोठी छत्री. हातगाडीवर, रसवंतीसमोर, हॉटेलच्या बाहेर किंवा घराच्या गच्चीवर लावतात ती सात-आठ फुटांची. तुम्ही म्हणाल, यात टेक्नॉलॉजी कुठे आली? तर छत्री हे सुद्धा एक यंत्रच आहे. त्यात हलणारे भाग आहेत, सांधे आहेत, ताण आहे आणि बहुतेक वेळा त्यातला एकच भाग खराब होतो. आपण मात्र सगळी छत्री भंगारात टाकतो.

मी मूळचा जामनेरचा, नोकरीनिमित्त पुण्यात असतो. जळगाव-भुसावळ पट्ट्यातला उन्हाळा कसा असतो हे खान्देशातल्या वाचकांना सांगायला नको. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी छत्री म्हणजे दुकानाचं छप्परच. माझी मावशी जामनेरात भाजीची हातगाडी लावते. तिच्या छत्रीखाली मेथी-कोथिंबीर असते, ती स्वतः असते, पेमेंटचा क्यूआर कोड, पैसे आल्याचं ओरडून सांगणारा साउंडबॉक्स आणि तिचा मोबाइलही असतो. अ‍ॅपल आपल्या आयफोनसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश सांगते. म्हणजे आपल्याकडे सावलीतही फोन आधीच मर्यादेबाहेर असतो. सावली गेली की भाजी सुकते, फोन गरम होऊन बंद पडतो आणि ‘ऑनलाइन चालेल का?’ म्हणणारं गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जातं.

गेल्या उन्हाळ्यात मावशीच्या छत्रीचं कापड विरलं. नवी छत्री घ्यायची का, यावर तिचं उत्तर सरळ होतं, ‘काड्या तं चांगल्या हायेत, कापडच गेलं. मंग सगळी काहून फेकाची?’ इंजिनिअरिंगच्या भाषेत याला ‘फॉल्ट शोधा, तेवढाच पार्ट बदला’ म्हणतात. आज आपण तेच शिकणार आहोत.

या लेखात काय आहे?

- छत्रीचे भाग आणि ते कोणत्या क्रमाने खराब होतात
- ऊन कापडाचं नेमकं काय करतं
- मोबाइल वापरून १५ मिनिटांत तपासणी
- कापड, काड्या, खांब आणि बैठक यांची दुरुस्ती
- खर्चाचा हिशेब आणि दुरुस्ती कधी करू नये

१) छत्री नेमकी कुठे खराब होते?

मोठ्या छत्रीचे पाच मुख्य भाग धरा.

- कापड: बहुतेक वेळा आठ तिकोनी तुकडे जोडून शिवलेलं. शिंपी या तुकड्याला कळी म्हणतात, आपणही तेच म्हणू.
- काड्या: कापड ताणून धरणाऱ्या लांब काड्या आणि त्यांना खालून टेकू देणाऱ्या आखूड काड्या.
- रनर: खांबावर वर-खाली सरकणारा भाग. छत्री उघडताना आपण हाच वर ढकलतो.
- खांब: लोखंडी, अ‍ॅल्युमिनियमचा किंवा लाकडी.
- बैठक: जमिनीवरचं वजन, किंवा हातगाडीला खांब अडकवायची कडी.

उन्हात उभ्या असलेल्या छत्रीत साधारण हा क्रम दिसतो. आधी शिवणीचा दोरा जातो, मग कापड, मग काडीच्या टोकाचे खिसे, मग सांध्यातले रिव्हेट सैल होतात आणि सगळ्यात शेवटी खांब बुडाशी गंजतो. म्हणजे सगळ्यात स्वस्त भाग सगळ्यात आधी जातो आणि महाग सांगाडा सगळ्यात जास्त टिकतो. दुरुस्ती परवडते ती यामुळेच.

२) ऊन कापडाचं काय करतं?

पॉलिएस्टर, नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन ही सगळी प्लॅस्टिकची भावंडं. त्यांचा धागा म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमध्ये या साखळ्यांचे दुवे तोडण्याइतकी ऊर्जा असते. दुवे तुटत गेले की कापड बाहेरून ठीक दिसतं, पण बोटाने ओढलं की टर्रकन फाटतं. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: कापड विरलं.

याचा पुरावा आपल्या घरातच आहे. जळगाव प्लॅस्टिकच्या चटयांसाठी प्रसिद्ध आहे. साधी चटई गच्चीवर एक-दोन उन्हाळे विसरून राहिली की हात लावताच तिचा भुगा होतो. उलट शेतातल्या ठिबकच्या नळ्या वर्षानुवर्षं उन्हात पडून असतात तरी टिकतात. का? त्या काळ्या असतात म्हणून. त्यांच्या प्लॅस्टिकमध्ये साधारण २ ते ३ टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी मिसळलेली असते. ती अतिनील किरण स्वतः शोषून घेते आणि प्लॅस्टिकला वाचवते. नुसता रंग चांगला दिसावा म्हणून तो काळा नाही.

आता छत्रीच्या कापडाकडे वळू. ढोबळमानाने असं लक्षात ठेवा:

- साधं नायलॉन: हलकं आणि मजबूत, पण उन्हात लवकर कमजोर होतं. पावसाच्या छत्रीला ठीक, उन्हातल्या मोठ्या छत्रीला नको.
- कोटिंग केलेलं पॉलिएस्टर: किंमत आणि टिकाऊपणा यांचा चांगला मेळ. आपल्या कामासाठी हेच.
- सुती कॅनव्हास: सावली थंड, पण ओलं राहिलं की बुरशी धरतं आणि कुजतं.
- अ‍ॅक्रिलिक: यात धागा बनवतानाच रंग मिसळतात. हळकुंड कुठेही तोडा, आत पिवळंच निघतं, तसं. रंग आणि ताकद दोन्ही जास्त टिकतात, पण महाग पडतं.

दुकानात ‘किती डेनिअर?’ असा प्रश्न ऐकू येईल. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. म्हणजे ६०० डेनिअरचा धागा २१० डेनिअरपेक्षा जाड. दुसरा आकडा जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. हा तुम्ही स्वतः तपासू शकता. १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा तुकडा सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि आलेल्या ग्रॅमला १०० ने गुणा. २ ग्रॅम आले तर कापड २०० जीएसएमचं. दुकानदार काय म्हणतो यापेक्षा काटा काय म्हणतो ते बघा.

अजून एक आकडा म्हणजे यूपीएफ. यूपीएफ ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्केच, कापडातून खाली येतो. घट्ट विणलेलं, जाड आणि मागून कोटिंग असलेलं कापड यात पुढे असतं. इथे एक गैरसमज दूर करू: मोबाइलचा लाइट सेन्सर दिसणारा प्रकाश मोजतो, अतिनील किरण मोजत नाही. त्यामुळे लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपवरून ‘या छत्रीत यूव्ही इतकं’ असा निष्कर्ष काढू नका.

३) मोबाइल घेऊन १५ मिनिटांची तपासणी

कोड दुरुस्त करण्याआधी आपण लॉग बघतो. इथेही आधी तपासणी, मग खर्च.

पायरी १: फोटो काढा. काहीही उसवण्याआधी प्रत्येक सांध्याचा, रनरचा आणि वरच्या टोपीचा फोटो घ्या. पेनाने कळ्यांवर आतून १ ते ८ आकडे टाका आणि त्याच क्रमाने काड्यांना टेपचे तुकडे लावून आकडे द्या. परत जोडताना याचा फार उपयोग होतो.

पायरी २: चिमूट चाचणी. कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून जोर लावून ओढा. टोपीजवळ, मध्यभागी आणि कडेला, अशा तीन ठिकाणी. फाटलं नाही तर कापडात जीव आहे, ठिगळ चालेल. सहज फाटलं तर ठिगळ लावू नका, कारण ठिगळाच्या कडेलाच नवीन फाट सुरू होईल.

पायरी ३: रात्रीची टॉर्च चाचणी. अंधार पडल्यावर छत्री उघडा आणि मोबाइलची टॉर्च वरून कापडाला लावून खालून बघा. बारीक छिद्रं चांदण्यांसारखी दिसतात. शिवणीत चांदण्यांची रांग दिसली तर दोरा गेला आहे किंवा सुईची भोकं मोठी झाली आहेत.

पायरी ४: स्लो मोशन व्हिडिओ. कुणाला तरी छत्री सावकाश उघड-बंद करायला सांगा आणि रनर व सांध्यांचा स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या. कोणती काडी उशिरा उठते, कोणता सांधा डुलतो हे नुसत्या डोळ्याला दिसत नाही, व्हिडिओत लगेच दिसतं.

पायरी ५: खांब सरळ आहे का? फोनमधल्या लेव्हलचा वापर करा. फोनची कड खांबाला चिकटवून दोन बाजूंनी मोजा. खांब वाकला असेल तर वाकण्याच्या जागी पाइपला चीर किंवा चपटेपणा आहे का ते बोट फिरवून बघा.

यावरून निर्णय सोपा होतो. नुसती शिवण गेली असेल तर टीप मारा. एखाद-दुसरी फाट असेल तर ठिगळ लावा. कापड विरलं असेल तर नवीन कापड चढवा. खांब चपटा झाला असेल तर खांबच बदला.

४) आधी धुलाई

कधी कधी छत्री जुनी झालेली नसते, नुसती मळलेली असते. आधी कोरड्या ब्रशने धूळ झाडा, कारण ओल्या धुळीचा चिखल कापडात घुसतो. मग कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून मऊ ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. काळे बुरशीचे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून लावा, १५ मिनिटं थांबून धुवा. रंगीत पॉलिएस्टरवर ब्लीच वापरू नका, रंग उडेल.

सगळ्यात महत्त्वाचं: छत्री उघडी ठेवूनच वाळवा. ओली मिटवली तर आत बुरशी धरते आणि काड्यांचे सांधे गंजतात. कापडाच्या आतलं कोटिंग चिकट झालं असेल किंवा पापुद्रे सुटत असतील तर मात्र धुऊन ते परत येत नाही. वरून पाणी झिरपत असेल आणि कापड मजबूत असेल, तर पूर्ण वाळल्यावर वॉटरप्रूफिंग स्प्रेचे दोन पातळ हात मारता येतात.

५) फाट आणि शिवण

ठिगळ लावताना तीन नियम पाळा. एक, ठिगळाचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा वाऱ्यात पहिला उचकटतो. दोन, ठिगळ फाटीपेक्षा सगळ्या बाजूंनी ३ सेंटिमीटर मोठं ठेवा. तीन, आधी चिकटवा आणि मग कडेने टीप मारा. नुसता गोंद उन्हात सुटतो.

दोरा कोणता वापरायचा? इथेच बहुतेक दुरुस्त्या फसतात. ब्लाउज शिवायचा साधा सुती दोरा घ्याल तर एका पावसाळ्यात कुजेल. जाड पॉलिएस्टर दोरा घ्या. टाका ३ ते ४ मिलिमीटरचा ठेवा. खूप बारीक टाके म्हणजे जास्त मजबुती असं वाटतं, पण जवळजवळ भोकं पडली की कापड तिकिटासारखं त्याच रेषेत फाटतं.

घरच्या शिलाई मशीनवर १६ किंवा १८ नंबरची सुई लावून दोन पदर शिवता येतात. चार पदर आले की मशीन कुरकुरतं. अशा वेळी नेहमीच्या टेलरकडे न जाता गाड्यांची सीट कव्हर शिवणाऱ्याकडे किंवा मंडप-ताडपत्रीचं काम करणाऱ्याकडे जा. त्यांच्याकडे जड मशीन असते, योग्य दोरा असतो आणि अशा कामाचा हातही असतो. तालुक्याच्या गावात हे लोक सहज सापडतात.

६) नवीन कापड चढवणं: मापाचं सोपं गणित

हे या लेखातलं सगळ्यात कामाचं प्रकरण आहे. घाबरू नका, गणित दहावीचंच आहे.

समजा काडीची लांबी १२० सेंटिमीटर आहे आणि काड्या ८. छत्री अगदी सपाट असती तर शेजारच्या दोन टोकांमधलं अंतर काडीच्या लांबीच्या ०.७६५ पट, म्हणजे ९२ सेंटिमीटर आलं असतं. प्रत्यक्षात छत्रीला उतार असतो, त्यामुळे ते थोडं कमी भरतं. म्हणून सूत्र फक्त अंदाजासाठी वापरा. खरं माप छत्री उघडून, टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणून घ्या.

त्याहून चांगली युक्ती म्हणजे जुन्या कापडातली सगळ्यात कमी ताणलेली कळी उसवा, हलकी इस्त्री करून सपाट करा आणि वर्तमानपत्रावर तिचा नमुना कापा. जुनी कळीच तुमचं डिझाइन डॉक्युमेंट आहे. काड्या वाकून घुमट होत असेल तर कळीच्या कडा किंचित फुगीर असतात. त्या तशाच ठेवा, सरळ रेषेत कापू नका. सरळ कापल्या तर छत्री घुमटावर घट्ट बसेल आणि शिवणीवर जास्त ताण येईल.

किती कापड लागेल? शिलाईची दुमड धरून कळीचा पाया साधारण ९५ आणि उंची ११५ सेंटिमीटर धरा. १५० सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडावर कळ्या एक सुलटी, एक उलटी अशा लावल्या तर आठ कळ्या साडेचार पाया एवढ्या लांबीत बसतात, म्हणजे सुमारे ४.३ मीटर. टोपी, खिसे आणि बांधायची पट्टी धरून ५ मीटर घ्या. सगळ्या कळ्या एकाच दिशेने ओळीने कापल्या तर जवळजवळ दुप्पट कापड लागेल, हे दुकानात जाण्याआधीच लक्षात ठेवा.

शिवताना:

1. कळ्या जोडताना दुहेरी शिवण घ्या, म्हणजे कड आत दुमडून दोन टिपा. पाणी कमी झिरपतं.
2. वरच्या टोकाला कापडाचा गोल तुकडा दुहेरी लावा. सगळा ताण तिथेच एकवटतो.
3. काडीच्या टोकाचे खिसे रेक्झिनचे किंवा स्कूलबॅगच्या पट्ट्याचे करा. साधं कापड काडी टोचून फाटतं.
4. कापड काडीला तीन-चार ठिकाणी बांधण्यासाठी आतून लहान नाड्या लावा.
5. आधी खालच्या टोकांना कापड अडकवा, मग छत्री अर्धी उघडून ताण बघा, मगच पूर्ण उघडा.

वरची खिडकी विसरू नका. मोठ्या छत्रीला टोपीखाली वारा निघून जायला मोकळी फट असते. ती सजावट नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो: दर चौरस मीटरवर साधारण ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंदात. वरच्या मापाच्या छत्रीचं क्षेत्रफळ सुमारे ४ चौरस मीटर. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात वारा खालून घुसला तर तिच्यावर अंदाजे ३० किलोचा जोर येतो. ताशी ६० किलोमीटरला तोच सुमारे ७० किलो होतो. वेग दीडपट, जोर सव्वादोन पट! खान्देशात मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, तिथे छत्रीचं काय? फटीतून थोडा वारा वर निघून गेला तर सांध्यांवरचा ताण कमी होतो. नवीन कापड शिवणाऱ्याला ही फट ठेवायला आवर्जून सांगा.

७) काड्या, सांधे आणि रनर

लोखंडी छत्रीची काडी नीट बघा. अनेकदा ती भरीव नसते, पन्हाळीसारखी यू आकाराची असते. ही युक्ती इंग्लंडच्या सॅम्युएल फॉक्स यांनी १८५२ मध्ये आणली. पातळ पत्रा वळवला की तो कमी वजनात जास्त ताठ होतो. कागद सपाट धरला तर वाकतो, पन्हाळीसारखा धरला तर ताठ राहतो, तसंच. पण पन्हाळ एकदा चेपली की तिथली ताकद गेली. म्हणून वाकलेली काडी नुसती हातोडीने सरळ करून भागत नाही. सरळ करून त्या जागी बाहेरून पत्र्याची १०-१२ सेंटिमीटरची पट्टी बसवा आणि दोन्ही बाजूंना पॉप रिव्हेट मारा. हाड मोडल्यावर फळी बांधतात तसं. पातळ काडीला वेल्डिंग करू नका, पत्रा जळून भोक पडतं. फायबरची काडी तडकली तर ती बदलायचीच.

सैल रिव्हेट काढून तिथे त्याच जाडीचा नट-बोल्ट घाला, पण नट आतून नायलॉनची रिंग असलेला घ्या. तो हलण्याने सैल होत नाही. गच्च आवळू नका, काडी फिरायला हवी.

रनर अडकत असेल तर खांब पॉलिश पेपरने घासून पुसा आणि सिलिकॉन स्प्रे किंवा मेणबत्तीचं मेण लावा. तेल-ग्रीस लावू नका. त्यावर धूळ बसून काळा चिकट थर होतो आणि कापडालाही डाग पडतात.

८) खांब आणि बैठक

खांब बुडाशी गंजतो, कारण बैठकीच्या पाइपमध्ये पाणी साचतं. गंजलेला भाग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर ऑइल पेंटचे दोन हात द्या. बैठकीच्या पाइपला खाली एक छोटं भोक पाडलं तर पाणी निघून जातं आणि पुन्हा गंज धरायला वेळ लागतो.

बैठक हवी असेल तर तेलाचा रिकामा १५ किलोचा डबा घ्या. मध्ये खांबापेक्षा किंचित मोठा पाइप उभा धरून काँक्रीट भरा. काँक्रीट लिटरला सुमारे २.४ किलो भरतं, म्हणजे ३५ ते ४० किलोची बैठक तयार. पण वरचं वाऱ्याचं गणित आठवा: वादळात एवढं वजनही पुरत नाही. हातगाडी असेल तर खांब खाली आणि वर अशा दोन ठिकाणी बांधा.

आणि वारा सुटला की छत्री मिटवा. फोनवर हवामान खात्याचं ‘मौसम’ आणि विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ही अ‍ॅप टाकून ठेवा. दामिनी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलं आहे. विजा चमकत असतील तर लोखंडी खांबाच्या छत्रीखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. मावशीच्या फोनमध्ये मी दोन्ही टाकून दिली आहेत आणि इशाऱ्याचा आवाज मोठा ठेवला आहे.

९) सावली नेमकी कुठे पडते?

जामनेर २१ अंश अक्षांशाच्या जवळ आहे, त्यामुळे २५ मेच्या आसपास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि छत्रीची सावली बरोबर तिच्या खाली पडते. पण त्याच दिवशी साडेतीन-पावणेचारच्या सुमारास सूर्य ४५ अंशांवर उतरतो. तेव्हा सावली कापडाच्या उंचीइतकी पूर्वेकडे सरकते. कापड दोन मीटर उंच असेल तर सावलीही दोन मीटर बाजूला! म्हणजे छत्री असूनही माल उन्हात. उपाय दोन: छत्री पश्चिमेकडे कलवा, किंवा पश्चिमेच्या बाजूला कडेला कापडाची झालर सोडा. नवीन कापड शिवतानाच दोन-तीन कळ्यांना आतून हुक लावून घेतले तर दुपारनंतर जुनी ओढणीसुद्धा टांगता येते.

१०) खर्चाचा हिशेब

मावशीच्या छत्रीला आलेला खर्च असा. भाव गावागणिक बदलतील.

- कापड ५ मीटर: ५५० रुपये
- शिलाई, दोऱ्यासह: ३०० रुपये
- एका काडीची पट्टी आणि रिव्हेट: ९० रुपये
- नट-बोल्ट: ४० रुपये
- रेड ऑक्साइड आणि रंग: १२० रुपये
- एकूण: १,१०० रुपये

तशाच जाड पाइपची नवी छत्री २,४०० रुपयांना सांगितली होती. बाजारात १,३०० ची छत्रीही होती. मग फरक फक्त दोनशेचा? नाही. त्या स्वस्त छत्रीचा पाइप बोटाने दाबला तरी लवत होता आणि कापड जुन्याहून पातळ होतं. तुलना करताना किमतीशी किंमत लावू नका, एका उन्हाळ्याला किती पडते ते बघा. शिवाय नमुना आता घरात आहे. पुढच्या वेळी फक्त कापड आणि शिलाई.

दुरुस्ती कधी करू नये? खांब चपटा होऊन वाकला असेल, वरचं प्लॅस्टिकचं चाक फुटलं असेल, किंवा तीन-चार काड्या मुळाशी तडकल्या असतील तर सांगाड्यावर पैसे घालू नका. पण टाकण्याआधी चांगल्या काड्या, रनर आणि नट-बोल्ट काढून ठेवा. दुसऱ्या छत्रीला तेच स्पेअर पार्ट.

नेहमीचे प्रश्न

गडद कापड चांगलं की फिकट? गडद कापड अतिनील किरण जास्त अडवतं पण स्वतः तापतं. फिकट कापड कमी तापतं पण पातळ असेल तर प्रकाश आत सोडतं. फिकट रंगाचं, पण जाड आणि मागून कोटिंग असलेलं कापड हा मधला मार्ग.

जाहिरातीच्या फ्लेक्सचं कापड चालेल का? तात्पुरतं चालेल. फ्लेक्स घडीवर तडकतो आणि छत्री रोज मिटते, त्यामुळे तो लवकर जातो. कायम उघड्या छत्रीला एका हंगामासाठी ठीक आहे.

छत्री जास्त टिकावी म्हणून रोज काय करायचं? काम संपलं की मिटवा, पट्टी बांधा आणि जुन्या साडीची पिशवी शिवून वर चढवा. गरज नसताना खाल्लेलं ऊन वाचलं की कापडाचं आयुष्य वाढतं.

वस्तू दुरुस्त करायचा हक्क असतो का? केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ उपकरणं आणि वाहनं या चार क्षेत्रांपासून त्याची सुरुवात झाली. छत्री त्या यादीत नाही, पण तिला पोर्टलची गरजही नाही. तिचे स्क्रू लपवलेले नसतात आणि पार्ट सॉफ्टवेअरने लॉक केलेले नसतात. उघडून बघायला परवानगी लागत नाही.

थोडक्यात

चिमूट चाचणी करा, फोटो काढा, जेवढा भाग गेला तेवढाच बदला. कापड ५ मीटर, पॉलिएस्टर दोरा, वर वाऱ्याची फट आणि टोकाला मजबूत खिसे, या चार गोष्टी जमल्या की छत्री पुन्हा उभी राहते. हे काम मार्च संपायच्या आत उरका. एप्रिलमध्ये ऊनही चढतं आणि सीट कव्हरवाल्याकडे लग्नसराईच्या मंडपांची गर्दीही होते.